चाळीसच्या खाली

(कानांच्या तपासणीची छोटी जागा, शेजारी काचेच्या खिडकीची आवाजबंद खोली. काकू नेहमीच्या आवाजात बोलतात. मॅडम काकांशी बोलताना दुप्पट मोठ्याने, तोंडासमोर तोंड आणून.)

काका : साठ कसं येईल? शक्यच नाही. तुमचं मशिन कमी आवाज सोडतंय, मॅडम.

मॅडम : काका, मी पुन्हा पुन्हा तपासलं. दोन्ही कानांना साठच. आवाज साठ डेसिबलपर्यंत चढवला की मग कुठे तुमचं बोट वर होतं. चांगल्या कानाला दहा-पंधरा पुरतात.

काका : डायलवर पंधरा लिहिलंय म्हणून बाहेर पंधराच पडतात असं थोडंच आहे? कोणी मोजलंय? मी मोजतो. अगं, माझी पिशवी दे.

काकू : दिली असती. तुम्ही तिच्यावर बसलाय.

काका : अगं, पिशवी.

मॅडम : काका, तुम्ही पिशवीवर बसलाय.

काका : मग असं स्पष्ट बोलावं माणसाने. ही तोंडातल्या तोंडात पुटपुटते. कान माझे तपासायला आणलेत, तोंड हिचं तपासायला हवं.

मॅडम : हे काय काढलंत?

काका : मल्टिमीटर.

काकू : घाबरू नकोस गं, चावत नाही. पहिला काट्याचा होता, हा आकड्यांचा आहे. घरात मान मात्र तोच. पाहुणे आले तरी खुर्चीवरून याला उठवायचं नाही.

काका : मी टेलिफोन एक्सचेंजात होतो, मॅडम. लाइन तपासायला. एक माणूस इकडे बोलतो, दुसरा शेकडो कोसांवर ऐकतो, मध्ये तार. वाटेत आवाज किती सांडला ते मोजायचं काम माझं. या टोकाला एक घातला, त्या टोकाला किती निघाला? डेसिबलमध्ये. तुम्ही जे कॉलेजात शिकलात त्यावर मी भाकरी खाल्ली.

मॅडम : मग मोजा की. माझी काही हरकत नाही. मशिन तपासायला वर्षातून एकदा माणूस येतो. तो सांगून गेलाय, डायल शंभरवर ठेवला की हेडफोनच्या टोकांशी शून्य यायला हवं.

काकू : शंभरवर ठेवून शून्य? मग उरलं काय?

काका : शून्य ऐकून दचकू नका हं. लोकांना वाटतं शून्य म्हणजे काही नाही, आणि उणे म्हणजे त्याहून काही नाही. इथे शून्य म्हणजे एक मिलीवॅट. आपण ठरवलेला उंबरठा. तिथून दहा खाली उतरलं की दहावा हिस्सा उरतो. वीस उतरलं की शंभरावा. उणे कितीही असो, काहीतरी असतंच. थांबा, चिमटे लावतो. हेडफोनची पिन उघडी करावी लागेल. चष्मा कुठे गेला?

काकू : कपाळावर.

मॅडम : कपाळावर आहे, काका.

काका : हां.

मॅडम : काकू, हे असं किती दिवस चाललंय?

काकू : दिवस कसले. आधी टीव्ही मोठा झाला. मग शेजारी येऊन सांगून गेले की आम्हाला आता टीव्ही घ्यायची गरज उरली नाही. मग मी मोठी झाले. सकाळपासून ओरडते. जेवायला चला. गोळी घ्या. दार वाजतंय. एवढंच ओरडता येतं गं. बाकीचं ओरडून बोलण्यासारखं नसतं.

मॅडम : बाकीचं म्हणजे?

काकू : म्हणजे काही नाही. समोरच्या बाईंनी पडदे लावलेत ते किती भयंकर आहेत, हे ओरडून कसं सांगणार? समोरच्या बाई ऐकतील ना. रात्री एखादी जुनी गोष्ट आठवते, ती काय किंचाळून सांगू? एक एक करून सोडून दिलं सगळं. आता यांनी कानातलं यंत्र लावलं नाही तर मी धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार आहे. भांडण नाही गं काही. तिथे हळू बोललेलं चालतं, एवढंच.

मॅडम : काकांना सांगितलंत?

काकू : सांगितलं की. शांतपणे, समोर बसून. त्यांनी मान डोलावली, पिशवी घेतली आणि बटाटे घेऊन आले.

काका : झालं. लावा शंभरवर. सूर एकच राहू द्या, हजार सायकलचा, सेकंदाला हजार कंपनं. हेडफोन टेबलावरच असू दे, कानात घालू नका कोणी, फाटेल कान.

मॅडम : शंभर. सोडला सूर.

काका : आहाहा.

मॅडम : काय आलं?

काका : वाचा तुम्हीच. माझे कान गेलेत, डोळेही गेले असं नको व्हायला.

मॅडम : उणे सतरा पूर्णांक आठ.

काका : अठराच म्हणा. यायला हवं होतं शून्य, आलंय उणे अठरा. तुमचं मशिन अठरा डेसिबल कमी सोडतंय. म्हणजे तुम्ही ज्याला साठ म्हणत होतात तो माझ्या कानात बेचाळीसच पोचत होता, आणि तो मी ऐकला. माझा आकडा बेचाळीस. या वयाला बेचाळीस म्हणजे कान अजून करकरीत आहेत. पुटपुटणाऱ्यांचं काय करायचं ते बघा आता.

मॅडम : अरे देवा. म्हणजे या आठवड्यातल्या सगळ्या तपासण्या चुकल्या? काल एक शिक्षिका आल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, वर्गावर जाणं आता जमणार नाही. रडत गेल्या त्या. थांबा, आधी त्यांना फोन करते. मग मशिनवाल्याला. आजच्या सगळ्यांना परत पाठवावं लागेल.

काकू : अठरा. पुन्हा अठराच.

मॅडम : पुन्हा म्हणजे, काकू?

काकू : शेजारच्यांचा रेडिओ बारीक वाजतो म्हणून यांनी मोजला होता. तेव्हाही म्हणाले, अठरा कमी आहेत. दोन दिवस तो रेडिओ आमच्या जेवणाच्या टेबलावर आतडी काढून पडला होता. मग कळलं, रेडिओ धडधाकट होता. यांचा मीटर सहाशेवर राहिला होता. सहाशे म्हणजे काय ते मला विचारू नकोस. पण अठरा म्हटलं की मला ते टेबल दिसतं.

काका : काय म्हणतेय ती? काही खुसपट काढतेय का?

मॅडम : काकू विचारतायत, मीटर सहाशेवर आहे का?

(काका मीटर उचलून त्याचं बटण बघतात.)

मॅडम : काका? ऐकलंत ना? सहाशेवर आहे का, म्हणतायत.

काका : ऐकलं.

मॅडम : फोन लागतोय. त्या शिक्षिकेचा.

काका : मॅडम, फोन खाली ठेवा.

मॅडम : का?

काका : ठेवा आधी. त्या बाईंना उगाच आशा लागेल.

मॅडम : ठेवला. काय झालं?

काका : हा मीटर शक्ती मोजत नाही. बिचारा फक्त दाब मोजतो, व्होल्ट. तो दाब कशावर पडतोय ते आपण त्याला सांगायचं, मग तो मनातल्या मनात हिशेब करून शक्ती सांगतो. टेलिफोनच्या लाइनीवर भार सहाशे ओहमचा. सगळीकडे सहाशे. हयातभर सहाशे. मीटर सुरू केला की माझी बोटं त्याला सहाशेवर नेऊन ठेवतात, मला विचारतही नाहीत. तुमचा हेडफोन किती ओहमचा आहे?

मॅडम : दहा. वरच लिहिलंय.

काका : दहा. तेवढ्याच दाबात दहावाला सहाशेवाल्याच्या साठ पट शक्ती घेतो. साठ पट म्हणजे अठराला जरा कमी. मी अख्खा हेडफोन लाइन समजून मोजला. थांबा, दहावर आणतो. सोडा पुन्हा सूर.

मॅडम : सोडला.

काका : वाचा.

मॅडम : शून्य. शून्य पूर्णांक शून्य.

काका : तुमचं मशिन नेक आहे, मॅडम. माझा आकडा साठ.

मॅडम : काका, मला तुमच्या मीटरमधलं ओ की ठो कळत नाही. तुम्ही गप्प बसला असतात तर मी मशिन बंद करून ठेवलं असतं. तुम्ही जिंकून घरी गेला असतात.

काका : गेलो असतो. आणि ती शिक्षिका वर्गावर गेली असती. लाइनमनने खोटा आकडा लिहिला की त्या टोकाला कोणीतरी हॅलो हॅलो करत बसतं. मी पाहिलीत तशी माणसं.

काकू : हे असे आहेत. म्हणून तर इतकी वर्षं ओरडले.

मॅडम : आता यंत्र बघायचं का कानातलं?

काका : घाई करू नका. चिमटे लावलेच आहेत तर मला जरा पायऱ्या उतरून बघू द्या. नव्वद करा.

मॅडम : नव्वद.

काका : उणे दहा. ऐंशी करा. उणे वीस. सत्तर. उणे तीस. काय पायऱ्या बांधल्यात हो. एकही उंच-सखल नाही. कोणी बनवलं असेल त्याला भेटावंसं वाटतं. साठ करा. उणे चाळीस. इथे मी थांबतो. हा माझा पाणवठा, याच्या खाली मला कोरड.

मॅडम : पन्नास करू?

काका : करा. उणे पन्नास. चाळीस? उणे साठ. म्हणजे मिलीवॅटचा दहा लाखावा हिस्सा, बघा. तरी आकडा धरून ठेवलाय गड्याने. तीस करा.

मॅडम : केले.

काका : उणे साठ.

मॅडम : वीस.

काका : उणे साठच. हलत नाही. आता तो सूर नाही दाखवत, स्वतःच्या पोटातली गुरगुर दाखवतोय. संपलं. चाळीसच्या खाली काही नाही.

मॅडम : आहे, काका. सूर आहे.

काका : मीटर दाखवत नाही.

काकू : हेच. घरात हेच. भिंतीत पाणी झिरपताना ऐकू येतंय म्हटलं, मीटर आणला. फ्रिज घरघरतोय म्हटलं, मीटर आणला. दर वेळी मीटर म्हणाला, काही नाही. मग मला काय वाटलं ते कोणी विचारायचंच नाही.

मॅडम : काका, चाळीसच्या खाली आहे की नाही ते आपण विचारू. काकू, तुम्ही हा हेडफोन कानांवर घालून आत बसा. दार लावते. आत बाहेरचं काहीही ऐकू येणार नाही. सूर वाजला असं वाटलं की बोट वर करायचं. नाही वाटलं तर नाही.

काकू : मी? माझे कशाला? बरं, बसते. पदर अडकला का दारात?

मॅडम : नाही. लावते आता दार. काका, तुम्ही इकडे या, मशिनपाशी. काचेतून त्या दिसतात, पण त्यांना डायल दिसत नाही. ही सूर सोडायची कळ. तुम्हीच दाबा. माझ्यावर विश्वास नको.

काका : चाळीसपासून?

मॅडम : चाळीसपासून.

काका : दाबली. बोट वर. तीस. दाबली. बोट वर. अहो, मीटर तर ढिम्म आहे.

मॅडम : वीस करा.

काका : बोट वर. ती आपली अंदाजाने करतेय, मॅडम. आता मी दाबतच नाही. बघू काय करते. सवयीने करेलच वर.

मॅडम : थांबा तुम्ही. कितीही वेळ थांबा.

काका : नाही करत.

मॅडम : थांबा अजून.

काका : नाही करत. डोळे मिटून बसलीय. आता दाबतो, न सांगता. आलं बोट. लगेच आलं. पंधरा करतो. आलं. जरा हुलकावणी देतो तिला. नाही आलं. दाबली. आलं. दहा. हे बघा, दहा. दाबली.

मॅडम : आलं.

काका : पुन्हा दाबतो.

मॅडम : आलं पुन्हा.

काका : पाच.

मॅडम : पाचला नाही. थांबा. नाही. दहा ही त्यांची शेवटची पायरी.

काका : मॅडम, मीटर चाळीसला बसला. दहा म्हणजे तिथून आणखी तीस खाली. हजारावा हिस्सा. दहा लाखाव्याचा हजारावा.

मॅडम : मिलीवॅटचा अब्जावा. एवढ्याने कानाचा पडदा हलतो तो जवळजवळ एका अणूएवढा.

काका : आणि तेवढं कळतं तिला?

मॅडम : बोट वर केलंच ना.

काका : एक्सचेंजात आमच्याकडे एक परदेशी मीटर होता. मोठ्या साहेबांच्या खोलीत, कुलपात. त्याला हात लावायचा तर सही करावी लागायची. वर्षातून एकदा बाहेर यायचा, तेव्हा आम्ही चपला काढून उभे राहायचो. तो सुद्धा इतकं खाली जात नव्हता. आणि ही घरात होती. भांडी घासत होती.

मॅडम : तुम्हाला साठ लागतात, त्यांना दहा. मधलं अंतर पन्नास.

काका : माहीत आहे. एक लाख पट. तिला पुरतं त्याच्या एक लाख पट मला लागतं. सांडतंय कुठे ते आता कळलं. तार ठीक होती. टोक गेलंय.

मॅडम : काका, एक बोलू? तुम्हाला माहीत आहे ना, त्या बहिणीकडे निघाल्यात? राहायला.

काका : कधी?

मॅडम : तुम्ही यंत्राला नाही म्हणालात की लगेच.

काका : समोर बसून काहीतरी म्हणाली होती परवा. चेहरा गंभीर होता. मी म्हटलं, घरातलं काहीतरी संपलंय.

मॅडम : हो.

काका : बटाटे नव्हते मागितले तिने.

मॅडम : नव्हते.

काका : तरी तिने भाजी केली त्यांची. काही बोलली नाही. बोलली असेल म्हणा. थांबा, दार उघडू नका. अजून एकदा दाबतो. दहालाच.

मॅडम : आलं बोट.

काका : मी तिला खूप वेळा सांगितलं, मॅडम, की आवाज नाहीये. मीटर समोर धरून सांगितलं. आणि ती अशीच बसलेली असायची, डोळे मिटून, ऐकत. उघडा दार.

काकू : झालं? बारीक बारीक वाजत होतं काहीतरी. शेवटी शेवटी तर सुईच्या टोकाएवढं. मध्ये किती वेळ काहीच नव्हतं, मला वाटलं तुम्ही चहाला गेलात. नापास झाले का मी?

काका : अगं, ते भिंतीतलं पाणी.

काकू : कुठलं पाणी?

मॅडम : भिंतीतलं म्हणतायत, काकू. जरा मोठ्याने बोला.

काकू : झिरपत होतं ते. पुढे भिंतच आली खाली. विसरलात?

काका : विसरलो नाही. फक्त दोन्हींचा संबंध जोडला नव्हता. मॅडम, ते कानातलं यंत्र मघाशी दाखवणार होतात, ते काढा.

मॅडम : मोजायचंय?

काका : नाही. चिमटे ठेवा तिकडे. कानात घालायचंय.

मॅडम : हे नमुन्याचं आहे, आज नुसतं घालून बघायचं. मान जरा इकडे. दुखतंय का? आता सुरू करते. पहिल्यांदा सगळंच अंगावर येईल. पंखा, कागद, स्वतःचा श्वास. घाबरू नका.

काका : हे काय खसखसतंय?

मॅडम : तुमचीच बाही. काकू, तुम्ही बोला आता. ओरडायचं नाही. नेहमीच्या आवाजात.

काकू : काय बोलू? सवयच गेली.

काका : हे आलं.

काकू : आलं? सगळं?

काका : सगळं. शेवटी आवाज जरा खाली गेला, तोही आला. आणखी बोल.

काकू : आणखी काय. काही गरजेचं नाहीये आत्ता.

काका : मग बिनगरजेचं बोल.

काकू : सदऱ्याचं बटण एक घर वर गेलंय तुमच्या. सकाळपासून तसेच वाकडे फिरताय.

काका : मग सकाळीच सांगायचं नाही का?

काकू : सांगितलं होतं.